दुष्काळातील पोरकी मुले, परदेशी सेविका आणि भाषेचा प्रश्न

इ. स. १८९९ चा पावसाळा पश्चिम हिंदुस्थानात जवळजवळ कोरडाच गेला. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता व त्याचे मुख्य ठाणे धुळे हे होते. जळगाव हे पूर्व खानदेशाचे व धुळे हे पश्चिम खानदेशाचे ठाणे ही विभागणी पुढे १९०६ मध्ये झाली. शेजारच्या गुजरातेत व राजस्थानात हा दुष्काळ विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. तापीकाठच्या काळ्या जमिनीने तोवर अवर्षणाची वर्षे पाहिली नव्हती असे नाही. परंतु १८९६–९७ च्या दुष्काळातून माणसे सावरतात न सावरतात तोच हे दुसरे संकट कोसळले. त्यात वैरण संपून गुरे मेली, आणि पुढे १९०० च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील गर्दीत पटकीची साथ शिरली. सातपुड्याच्या पायथ्याशी व पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांत राहणाऱ्या भिल्ल कुटुंबांची वाताहत विशेष झाली. कारण रान सोडून खडी फोडण्याच्या कामावर जाणे त्यांस मरणाइतकेच नकोसे वाटे. या साऱ्यातून जो एक नवा वर्ग सरकारी कागदपत्रांत दिसू लागला तो म्हणजे ‘अनाथ मुले’ होय. या मुलांच्या संगोपनासाठी समुद्रापलीकडून आलेल्या स्त्रिया, त्यांचा अनाथगृहांतील दिनक्रम आणि त्या दिनक्रमात मुलांच्या भाषेचे झालेले रूपांतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. ‘अनाथ’ हा शब्द संस्कृतातून आलेला, आणि त्याचा अर्थ ज्यास नाथ म्हणजे रक्षणकर्ता नाही तो, एवढाच आहे. त्यात आईबापांच्या मृत्यूचा उल्लेख नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये जी मंडळी स्थापन केली तिचे नाव ‘अनाथ बालिकाश्रम’ असे होते, आणि तिचे कार्य मुख्यतः विधवांसाठी होते, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. घरगुती मराठीत ज्यास ‘पोरका’ म्हणतात त्याची कल्पना निराळी. पोरके मूल हे आईवेगळे किंवा आईबापांवेगळे मूल. परंतु त्याला चुलता असतो, मामा असतो, गाव असते. दुष्काळाने नेमके हेच केले की, पोरक्याला अनाथ बनविले. चुलत्याच्याच घरी दाणा नाही, मामा मुलुख सोडून गेलेला, अशा स्थितीत मूल सरकारी अन्नछत्राच्या दारी येऊन बसे. कित्येक मुलांचे आईबाप जिवंत असत. ते एका कामावर, मूल दुसऱ्या अन्नछत्रात, अशी ताटातूट झालेली असे. पाऊस पडल्यावर मुलाच्या शोधात परत आलेले बाप त्या काळच्या सर्वच प्रांतांत होते. तेव्हा दुष्काळातील ‘अनाथ’ या शिक्क्याखाली खरोखर अनाथ, पोरकी व केवळ हरवलेली अशी तीन प्रकारची मुले एकत्र झाली होती, हे ध्यानात ठेवूनच पुढील हकीकत वाचली पाहिजे.

या मुलांचे काय करावयाचे, याविषयी सरकारी दुष्काळ-संहितेत नियम होते. दुष्काळ चालू असेपर्यंत मुलांचा सांभाळ सरकारी खर्चाने करावा; तो संपल्यावर प्रथम नातेवाईक शोधावे, ते न मिळाल्यास मुलाच्याच धर्माचे व जातीचे कोणी प्रतिष्ठित गृहस्थ पुढे येतात काय ते पाहावे, आणि तेही न साधल्यास अनाथगृहांकडे सोपवावे, असा त्यांचा सामान्य रोख होता. कागदावर हा क्रम निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात पहिल्या दोन पायऱ्यांसाठी लागणारा वेळ व माणूसबळ मामलेदाराजवळ नसे, आणि तिसऱ्या पायरीवरची संस्था मात्र गाडीभाडे घेऊन स्टेशनावर हजर असे. यातूनच मोठा वाद उद्भवला. लाला लजपतराय यांनी १८९७ मध्ये व पुन्हा १८९९–१९०० मध्ये आर्यसमाजाच्या वतीने हिंदु अनाथ मुलांच्या रक्षणाची चळवळ चालविली व १९०१ च्या दुष्काळ-आयोगापुढे साक्षही दिली. मुले परधर्मीय संस्थांच्या हाती जातात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. महाराष्ट्रात हा प्रश्न त्याआधीच पेटलेला होता. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील धर्मप्रभावावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी त्या संस्थेच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले होते. मात्र त्याचबरोबर एक गोष्ट नमूद करावयास हवी. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात उघडलेले बालहत्या प्रतिबंधक गृह आणि त्यानंतर पंढरपुरात निघालेले तशाच स्वरूपाचे गृह सोडल्यास, परक्या जातीचे मूल उचलून पोटाशी धरण्याची तयारी असलेल्या एतद्देशीय संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. टीका करणारे पुष्कळ होते. मुलाचे डोके विंचरणारे थोडे होते.

खानदेशाभोवती अशा संस्थांचे जाळे कसे पसरले होते ते नकाशावर पाहिले म्हणजे मुलांच्या पुढील आयुष्याची दिशा पुष्कळ अंशी कळते. ‘ख्रिस्ती आणि मिशनरी अलायन्स’ ही अमेरिकन संस्था १८९७ मध्ये दोन जुन्या संस्थांच्या एकीकरणातून सिद्ध झाली. तिची ठाणी खानदेशात भुसावळ, जळगाव, चाळीसगाव अशी आगगाडीच्या मार्गावर होती. मूळ बस्तान मात्र वऱ्हाडात अकोल्यास होते. तिची मुलांची वसाहत अकोल्यास, मुलींची खामगावास, आणि १९०० नंतर गुजरातेत धोळका व खेडा येथेही अनाथगृहे निघाली. दक्षिणेकडे मनमाडवरून दौंडला जाणाऱ्या लोहमार्गाच्या टोकाशी आल्बर्ट नॉर्टन यांचे मुलग्यांचे वसतिगृह १८९९ पासून होते, आणि दौंडपासून थोड्याच अंतरावर केडगाव येथे रमाबाईंचे ‘मुक्ती’ होते. वाटेत अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनने दुष्काळी मुले मोठ्या संख्येने ठेवून घेतली होती. पश्चिमेकडे सुरतेहून नंदुरबार-अमळनेरवरून जळगावकडे येणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग याच सुमारास पुरा होत होता, आणि चाळीसगाव–धुळे हा फाटाही १९०० मध्येच सुरू झाला. म्हणजे दुष्काळग्रस्त मूल ज्या स्टेशनावर सापडेल, त्यावरून ते खामगावास जाणार, दौंडास जाणार, की गुजरातेत जाणार हे ठरत असे. या निवडीचा परिणाम मुलाच्या भाषेवर काय झाला ते पुढे यावयाचे आहे.

या कार्यास पैसा कोठून येई, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने दुष्काळनिधी उभारला, आणि मे १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून सुमारे दोन लक्ष बुशेल मका मुंबईस रवाना झाला. याच साप्ताहिकाने वाचकांपुढे एक योजना मांडली : वर्षाला पंधरा डॉलर द्यावे व हिंदुस्थानातील एक अनाथ मूल पोसावे. तेव्हाच्या हुंडणावळीने ही रक्कम सुमारे शेहेचाळीस रुपये, म्हणजे महिन्यास चार रुपयांच्या आत भरते. योजनेचे यश कशात होते ते उघड आहे. दात्यास मोघम दुष्काळ नको होता, त्याला एक मूल हवे होते : त्याचे नाव, त्याचे छायाचित्र, त्याची वर्षाकाठी प्रगती. अनाथगृहातील परदेशी सेविकेच्या दिनक्रमात त्यामुळे एका कामाची कायमची भर पडली. दिवेलागणीनंतर कंदिलाशी बसून ती दूरदेशीच्या दात्यांस पत्रे लिही. आज त्या अनाथगृहांविषयी जी माहिती मिळते ती पुष्कळशी अशा पत्रांतून व अहवालांतून आलेली आहे; आणि पत्र लिहिणारी व्यक्ती ज्याच्याकडून पैसा यावयाचा त्यालाच उद्देशून लिहीत होती, ही गोष्ट इतिहासलेखकाने क्षणभरही विसरू नये. त्या पत्रांत मुलाच्या फासळ्या दिसतात, नंतर त्याचे गोबरे गाल दिसतात. त्याला पहाटे उठविणारी बाई दिसत नाही.

या परदेशी स्त्रिया कोण होत्या? बहुतेक अविवाहित, अमेरिका, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या देशांतील लहान गावांतून आलेल्या, प्रशिक्षण शाळेत एखाद-दोन वर्षे काढलेल्या अशा त्या असत. मिनी एब्रम्स हे त्यांतील ठळक नाव. १८५९ मध्ये विस्कॉन्सिन संस्थानात जन्मलेली, मिनेसोटातील शेतकरी वस्तीत वाढलेली व शिकागोच्या प्रशिक्षण शाळेतून बाहेर पडलेली ही स्त्री १८८७ मध्ये मेथॉडिस्ट मिशनतर्फे मुंबईस आली. तेथे तिने मुलींची निवासी शाळा चालविली. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या तेव्हा केडगावचा कारभार सुंदराबाई पवार व मिनी एब्रम्स या दोघींकडे होता; पुढे बाई मुक्तीतच राहिल्या. मधला अमेरिकेचा एक दौरा सोडला तर १९१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हिंदुस्थान सोडला नाही. अकोल्याच्या जेनी फुलर यांचे नावही येथे घेतले पाहिजे. हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९०० मध्येच प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाचा सूर आज पुष्कळांस खटकेल, आणि तो खटकण्याजोगा आहेही. पण लेखिकेने वऱ्हाडात दीर्घकाळ काढला होता, हे तिच्या माहितीच्या बारकाव्यावरून कळते.

अनाथगृहातील दिवस घंटेने सुरू होई. ही घंटा म्हणजे खानदेशी मुलाच्या आयुष्यातील पहिला मोठा फरक. घरी कोंबडा आरवला, जाते सुरू झाले, गुरे सोडली, यांवरून वेळ कळे. येथे वेळ वाजून कळू लागली. पहाटे मोठ्या मुली दळणास बसत, कारण शेकडो, आणि केडगावास तर सुमारे दोन हजार, माणसांच्या भाकरीचे पीठ हे रोजचेच काम होते. विहिरीवर पाण्याची रांग लागे. त्यानंतर अंघोळ, आणि अंघोळीनंतर परदेशी सेविकेचे खरे काम सुरू होई. दुष्काळातून आलेल्या मुलांना खरूज, नायटे, आलेले डोळे, तोंडातील फोड, हगवण हे विकार सरसकट असत. रांगेत उभ्या असलेल्या मुलांचे एकेक डोके तपासावे, केस कापावे, गंधकाचे मलम लावावे, डोळे धुवावे, असे दोन-तीन तास जात. उपाशी राहिलेल्या मुलाला एकदम पोटभर खाऊ घातले तर ते दगावते, हा कटु अनुभव प्रत्येक संस्थेस प्रारंभी आला. म्हणून पेज, मग दूध, मग पातळ खिचडी असे चढते अन्न द्यावे लागे. मुले मात्र चोरून भाकरी खात. भाकरीचा तुकडा उशाशी लपवून निजण्याची सवय काही मुलांची पोट भरू लागल्यावरही महिनोन्‌महिने सुटत नसे. पहिल्या वर्षात मृत्यू पुष्कळ होत. औषधोपचाराइतकाच सेविकेचा वेळ मरणाऱ्या मुलाजवळ बसण्यात जाई.

न्याहारीनंतर प्रार्थना व शाळा. दुपारी कामाची वेळ : शिवण, विणकाम, बागेत पाणी घालणे, धुणे. मुक्तीत शेती, दुभत्याची जनावरे, तेलघाणा, हातमाग व छापखाना असे अनेक व्यवसाय उभे राहिले. नगरास डेव्हिड चर्चिल नावाचे अमेरिकन अभियंते आले व त्यांनी सुधारलेला हातमाग तयार करण्यात वर्षे घालविली. तेथील औद्योगिक शाळेत दुष्काळी मुले सतरंज्या-गालिच्यांचे विणकाम व धातुकाम शिकली. संध्याकाळचे जेवण उजेडातच उरकत असे. रात्री परदेशी बाई कंदील घेऊन एकदा फिरून येई आणि मग पत्रव्यवहारास बसे. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावच्या बाजूस पारा चढला की डॉक्टरांच्या आग्रहावरून सेविकांना थंड हवेच्या ठिकाणी पाठविण्याचा मिशनांचा प्रघात होता. मुले जेथे होती तेथेच राहत. एवढ्या एका गोष्टीवरून कोण पाहुणे व कोण घरचे हे मुलांनी ओळखले असेल.

मग उन्हाळ्यात, आणि एरवीही, मुलांचा खरा भार कोण वाहत होते? सर्वत्र एकच उत्तर मिळते : मोठ्या मुली व एतद्देशीय बाया. एका मोठ्या मुलीच्या हाती पंधरा-वीस लहान मुली देण्याची पद्धत अशा संस्थांत रूढ होती. आधीच्या दुष्काळातील मूल पुढच्या दुष्काळातील मुलाची आई बने. केडगावास १८९६–९७ मध्ये मध्यप्रांतातून आणलेल्या सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा होत्या. १९०० मध्ये गुजरातेकडून नव्या मुलींचा लोंढा आला तेव्हा त्याच त्यांच्या सांभाळकर्त्या झाल्या. मुक्तीची रचनाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. निराधार व फसलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व दुर्बलांसाठी प्रीतिसदन, मुलग्यांसाठी सदानंदसदन, आंधळ्यांसाठी बार्तिमीसदन अशी तेथे घरांची वाटणी होती. ‘सदन’ हा शब्द रमाबाईंनी शारदासदनापासूनच धरून ठेवला होता. ‘अनाथ’ हा शब्द यांपैकी एकाही नावात नाही, आणि ते रमाबाईंच्या बाबतीत स्वाभाविकच म्हटले पाहिजे. १८७४ मध्ये उपासमारीने आईवडील गमावून, भावाबरोबर पायी देश पालथा घातलेली ही स्त्री अनाथपण पत्रातून वाचून शिकलेली नव्हती. परदेशी सेविका आणि रमाबाई यांच्या कार्यातील मूलभूत अंतर धर्मात नव्हते, श्रमातही नव्हते. ते येथे होते.

आता भाषेकडे वळू. परदेशातून आलेल्या सेविकेस पहिली एक-दोन वर्षे भाषा शिकावी लागे, आणि मिशनच्या परीक्षा उतरल्याखेरीज तिच्यावर पूर्ण जबाबदारी टाकली जात नसे. साधने उत्तम होती. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये व त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघालेली होती; गणपतराव नवलकरांचे इंग्रजीतून लिहिलेले मराठी व्याकरण १८६८ पासून उपलब्ध होते. पंडित रोज सकाळी येऊन पाठ घेई. परंतु या साधनांतील मराठी ही पुणेरी शिष्टांची मराठी होती, आणि पंडितही बहुधा त्याच भाषेचा कैवारी असे. ‘ट’ आणि ‘त’, ‘ख’ आणि ‘क’ यांचा भेद जिभेवर बसविता बसविता, तीन लिंगांच्या जंजाळातून वाट काढीत बाई जी भाषा शिकली, ती अंगणातल्या मुलांच्या तोंडी नव्हतीच.

या ठिकाणी आजच्या एका प्रकाराचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील तरुण मंडळी सुटीतील काही आठवडे आशिया-आफ्रिकेतील अनाथगृहांत स्वेच्छेने सेवा करण्यासाठी जाऊ लागली. नेपाळ व कंबोडिया या देशांत तर त्याभोवती एक व्यवसायच उभा राहिला, आणि पाहुण्यांस दाखविण्यासाठी आईबाप असलेली मुले संस्थांत भरती होत असल्याचे उघडकीस आले. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, जगभरच्या अशा गृहांतील पाचांपैकी निदान चार मुलांची आई किंवा बाप हयात असतो, असे म्हटले आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध जो कायदा झाला, त्या वेळच्या चर्चेत अनाथगृहांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचाही विचार झाला. १९०० सालच्या सेविकांना या मंडळींच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल. चार आठवडे आणि पंचवीस वर्षे यांत महदंतर आहे. माया लावून निघून जाणारी माणसे मुलाने किती वेळा सहन करावी, हा आजचा प्रश्न त्यांना लागू होत नाही. पण दोन गोष्टी समान आहेत : दात्याला दिसणारे मूल, आणि जिवंत आईबापांचे अनाथ.

खानदेशी मुलाची भाषा कोणती होती? जिल्ह्याच्या मध्यभागातून आलेले मूल अहिराणी किंवा खानदेशी बोले. जळगावच्या पूर्वेकडचे लेवा बोली, तर नवापूर-अक्राणीकडचे मावची, पावरी अशी भिल्ली बोली बोले. अहिराणीची रूपे थोडीशी पाहिली तरी तिचे सीमेवरचे स्थान ध्यानात येते. प्रमाण मराठीतील ‘माझा’ तेथे ‘मना’ होतो, ‘घराचा’ हा ‘घरना’ होतो. हा ‘ना’ गुजरातीतील ‘नो’ चा भाऊबंद. परंतु ‘मला’ साठी ‘मले’ म्हणताना तीच बोली वऱ्हाडीच्या बाजूस झुकते. ‘आहे’ च्या जागी ‘शे’, ‘येथे’ च्या जागी ‘आठे’, मुलगा ‘आंडोर’ आणि मुलगी ‘आंडेर’. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला, परंतु खानदेशीस त्यात जागा मिळाली नाही. तिचे वर्णन १९०७ मध्ये निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली बोलींच्या सोबत आले. हे वर्गीकरण सर्वांस मान्य झाले नाही, आणि त्यावरील वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. येथे मुद्दा इतकाच की, जी बोली विद्वानांस धड मराठी वाटेना व धड गुजराती वाटेना, ती बोलणारे आठ वर्षांचे मूल खामगावच्या गाडीत बसले तर मराठी होत असे आणि धोळक्याच्या गाडीत बसले तर गुजराती होत असे. धर्मांतराविषयी त्या काळात व नंतर रान उठले. या दुसऱ्या, निमूट स्थित्यंतराविषयी कोणी शब्दही काढला नाही. मूल हिंदूंचे की ख्रिस्त्यांचे यावर दोन्ही पक्ष भांडले. ते अहिराणीचे होते, हे कोणाच्याच लक्षात आले नाही.

वर्गात ‘मना’ म्हटले की ‘माझा’ म्हणून दुरुस्ती होई. पंडिताजवळ शिकलेली परदेशी बाई आणि ट्रेनिंग कॉलेजातून आलेली शिक्षिका या दोघींनाही बोलीतील रूप म्हणजे चूक, असेच शिकविलेले होते. पण एका अर्थाने बाई आणि मूल समदुःखी होते. दोघेही एकाच अंगणात एकच परकी भाषा शिकत होते, दोघांचीही चूक पंडिताच्या कानाला सारखीच बोचत होती. अनाथगृहाची जी एक खास मराठी तयार झाली, पुस्तकी, बायबलच्या वळणाची, म्हणींत दरिद्री व नामांत श्रीमंत, ती या दोघांच्या मेळातून झाली असे म्हणावयास जागा आहे. बाई मेली किंवा स्वदेशी गेली तरी तिची इंग्रजी अबाधित होती. मुलाच्या मागे मात्र ‘आठे’ म्हणणारे कोणी उरले नव्हते.

येथे एक तुलना सहज सुचते. जळगावजवळच्या असोद्यास १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी या दुष्काळाच्या वर्षी वीस वर्षांच्या आतबाहेर होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. परंतु घर, शेत, जाते व सासर-माहेर ही शाळा शाबूत होती, आणि त्या शाळेत मिळालेल्या बोलीतून त्यांची गाणी झाली. ती १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली तेव्हा सुशिक्षित महाराष्ट्र थक्क झाला. त्यांच्याच वयाच्या किंवा त्याहून लहान ज्या मुली खामगाव-केडगावच्या वाटेला लागल्या, त्यांस अक्षर मिळाले आणि ओवी गेली. सर्वच मुली बहिणाबाई झाल्या असत्या असे कोणी म्हणणार नाही. बहुतेक तर जगल्याच नसत्या. तरीही भाषेच्या इतिहासात हा व्यवहार जमा-खर्चाच्या दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

जमेची बाजू लहान नाही. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाऊन त्या इतरांना वाचून दाखवू लागल्या. दुष्काळी मुली शिक्षिका, परिचारिका व खिळे जुळविणाऱ्या झाल्या. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. संस्कृतप्रचुर भाषेने अडाणी स्त्रिया अडखळतात, त्यांस कळेल असे सोपे मराठी हवे, हा त्यामागील हेतू होता. हे काम मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्याच हातून छापले गेले. १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. ज्यांच्या घरी सात पिढ्यांत अक्षर शिरले नव्हते अशा मुलींच्या बोटांनी हिब्रू व ग्रीक खिळे जुळविले, ही घटना मराठी मुद्रणाच्या इतिहासात आजही जेवढी सांगितली जावी तेवढी सांगितली जात नाही.

सर्वेक्षणाच्या त्या नवव्या खंडाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून ग्रियर्सनने एकच उतारा सर्वत्र मागविला होता, आणि तो म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत. दोन मुलांचा बाप, त्यांतील एक दूरदेशी जातो, तेथे मोठा दुष्काळ पडतो, मुलगा उपाशी मरू लागतो, आणि मग बापाच्या घरी परत येतो, अशी ती कथा आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून हे नमुने गोळा करण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत चालले होते. खानदेशी नमुना याच मालिकेतला आहे. याच वर्षांत खामगाव, अकोला व केडगाव येथील वर्गांत हाच दृष्टांत मुले पाठ करीत होती, प्रमाण मराठीत.